हद्दपारीआधी सुनावणी हवीच

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका श्रीलंकन तमिळ माणसाची याचिका आली होती. श्रीलंकेत स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढलेल्या ‘एलटीटीई’ या सशस्त्र संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपावरून 2015 मध्ये त्याला अटक झाली, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने ती सात वर्षांवर आणली आणि शिक्षा संपताच भारत सोडण्यास बजावले. शिक्षा भोगून झाल्यावर त्याचे म्हणणे एवढेच होते की, आपण 2009 च्या युद्धात लढलो असल्यामुळे श्रीलंकेत परतल्यास अटक आणि छळ ठरलेला आहे, बायको-मुले इथेच आहेत, तेव्हा परत पाठवू नये. भारत म्हणजे काही धर्मशाळा नव्हे, 140 कोटी लोकांचे करता करताच आपली दमछाक होते आहे, अशा आशयाचे उद्गार काढून खंडपीठाने हस्तक्षेपास नकार दिला. जिवाला धोका असेल तर दुसऱ्या एखाद्या देशात जा, असेही त्याला सुचवण्यात आले.

धर्मशाळेचा तो उद्गार त्या दिवशी सगळीकडे झळकला आणि अनेकांना तो मनापासून पटलाही. त्यात न पटण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्यांना मी मूर्ख किंवा निर्दय समजत नाही. आपल्या देशात कोणाला राहू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असतो, आणि बाहेरून येऊन कोणी इथल्या लोकांच्या जिवावर उठणार असेल तर त्याला बाहेर काढणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. पण या प्रकरणात दोन वेगळे प्रश्न होते आणि त्यांपैकी एकाचेच उत्तर दिले गेले. हा माणूस धोकादायक आहे का, या प्रश्नाची शहानिशा फौजदारी न्यायालयात रीतसर झाली होती. त्याला परत पाठवले तर तिथे त्याचे काय होईल, या प्रश्नाची शहानिशा मात्र झाली नाही, कारण ती कोणी, कुठे आणि कशी करायची हे सांगणारा कायदाच आपल्याकडे नाही. सुरक्षेच्या कारणावरून आश्रयार्थींना हद्दपार करण्यासंबंधी जगभर जो वाद चालू आहे, त्यात भारताची बाजू लंगडी पडते ती इथे. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्याही प्रश्नाची सुनावणी होत नाही. ती झाली पाहिजे, आणि ती देशाच्या सुरक्षिततेसाठीच झाली पाहिजे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

आधी विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम दाखला घेतो. 19 डिसेंबर 2016 रोजी बर्लिनच्या नाताळ बाजारात अनिस अमरी या ट्युनिशियन तरुणाने ट्रक घुसवून बारा जणांचे प्राण घेतले. हा माणूस जर्मन यंत्रणांना अनोळखी नव्हता. इटलीत त्याने आश्रयार्थींच्या केंद्राला आग लावल्याबद्दल चार वर्षांचा तुरुंगवास भोगला होता. जर्मनीत त्याने अनेक खोटी नावे लावली होती, पोलिसांनी त्याची नोंद संभाव्य घातपाती म्हणून केलेली होती आणि त्याचा आश्रयाचा अर्ज जून 2016 मध्येच फेटाळला गेला होता. तरीही तो मोकळा होता, कारण तो आपला नागरिक आहे हे ट्युनिशिया मान्य करीत नव्हता आणि प्रवासाची कागदपत्रे येत नव्हती. ती कागदपत्रे जर्मनीत पोहोचली 21 डिसेंबरला, हल्ल्यानंतर दोन दिवसांनी. ज्यांची माणसे त्या बाजारात गेली त्यांच्यासमोर बसून कायद्याच्या प्रक्रियेचे गुणगान करण्याची हिंमत कोणाचीही होणार नाही, माझीही नाही.

परंतु अमरीचे प्रकरण बारकाईने पाहिले तर दिसते ते असे की, त्याला दिलेल्या सुनावणीमुळे तो सुटलेला नव्हता. सुनावणी होऊन त्याचा अर्ज नामंजूर झालेला होता. घोळ होता तो वेगवेगळ्या राज्यांच्या पोलिसांमधल्या समन्वयाचा आणि मूळ देशाशी करायच्या पाठपुराव्याचा. विशेष म्हणजे दहशतवादी धोका असलेल्या परदेशी व्यक्तीला थेट हद्दपार करण्याची तरतूद जर्मन कायद्यात 2005 पासून होती. अमरीविरुद्ध ती वापरली गेली नाही, आणि वापरता आली असती की नाही यावर नंतर बराच वाद झाला. 2017 मध्ये ती प्रथमच वापरली गेली, तेव्हा लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने हद्दपारीचे आदेश तपासून उचलूनही धरले. म्हणजे ज्याच्यापासून धोका आहे त्याला काढण्याचा मार्ग न्यायालयातून जात होता आणि तो मोकळाही होता. ऑगस्ट 2024 मध्ये झोलिंगेनला तिघांचा बळी घेणाऱ्या सीरियन हल्लेखोराची गोष्टही फार वेगळी नाही. त्याला बल्गेरियाला परत धाडायचे ठरले होते, पण न्यायला माणसे गेली तेव्हा तो जागेवर सापडला नाही आणि पुन्हा नीट प्रयत्न झाला नाही. या हल्ल्यानंतर आठवडाभरातच जर्मनीने शिक्षा झालेल्या 28 अफगाणांना विमानाने काबूलला पाठवले. लोकक्षोभाला ते उत्तर होते हे उघड आहे, पण झोलिंगेनच्या हल्लेखोरापर्यंत यंत्रणा का पोहोचली नाही, या प्रश्नाला त्या विमानाने उत्तर मिळाले नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा सुरक्षेचा प्रश्न विसरलेला आहे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. 1951 च्या निर्वासितविषयक कराराच्या 33 व्या कलमात छळाच्या भूमीत कोणालाही परत ढकलू नये असे म्हटले आहे, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात अपवादही आहे. ज्याला देशाच्या सुरक्षेला धोका मानण्यास वाजवी कारणे आहेत, किंवा ज्याला विशेष गंभीर गुन्ह्याबद्दल अंतिम शिक्षा होऊन जो समाजाला धोका ठरला आहे, त्याला हे संरक्षण मागता येत नाही. हा अपवाद एकेका व्यक्तीपुरता आहे, समूहाला लावायचा नाही, आणि कारणे ‘वाजवी’ असायची तर ती कोणीतरी तपासलेली असली पाहिजेत. याच्या जोडीला 1984 चा यातनाविरोधी करार आहे. तो एका बाबतीत अपवाद ठेवतच नाही: जिथे शारीरिक यातना दिल्या जाण्याचा खराखुरा धोका आहे तिथे कोणालाही, अगदी दोषी ठरलेल्यालाही, पाठवायचे नाही. भारताने निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. यातनाविरोधी करारावर ऑक्टोबर 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही.

या दोन नियमांमधला ताण जगासमोर पहिल्यांदा ठसठशीतपणे आला तो एका भारतीय नागरिकाच्या खटल्यात, आणि त्या खटल्यात हद्दपारीचे ठिकाण भारत होते, म्हणून तो आपण नीट समजून घ्यायला हवा. करमजीतसिंग चहल हे 1971 मध्ये बेकायदा ब्रिटनमध्ये गेले आणि 1974 मध्ये त्यांना तिथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. 1984 मध्ये ते पंजाबात आले असताना पोलिसांनी त्यांना एकवीस दिवस कोठडीत ठेवले आणि विजेचे झटके देण्यापर्यंत छळ केला, असे त्यांचे कथन होते. ब्रिटनमध्ये परतल्यावर ते शीख फुटीरतावादी राजकारणात पुढे आले. ऑगस्ट 1990 मध्ये ब्रिटिश गृहमंत्र्यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून त्यांना भारतात पाठवण्याचे ठरवून तुरुंगात टाकले. चहल यांनी आश्रय मागितला, तो नाकारला गेला. त्यांचे प्रकरण तीन सदस्यांच्या एका सल्लागार मंडळापुढे गेले, पण तिथे त्यांना वकील नेता आला नाही, आपल्याविरुद्धची माहिती कुठून आली हे त्यांना सांगितले गेले नाही, मंडळाने काय सल्ला दिला हेही कळले नाही, आणि गृहमंत्र्यांवर तो सल्ला बंधनकारक नव्हता. ब्रिटिश न्यायालयांनी सुरक्षेचा विषय म्हणून हात आखडता घेतला. असा हा माणूस सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला.

15 नोव्हेंबर 1996 रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बारा विरुद्ध सात अशा बहुमताने निकाल दिला की, चहल यांना भारतात पाठवले तर छळ आणि अमानुष वागणुकीला मनाई करणाऱ्या, युरोपीय मानवी हक्क कराराच्या तिसऱ्या कलमाचा भंग होईल, आणि ते देशाला किती धोकादायक आहेत हा मुद्दा इथे विचारात घेता येणार नाही. भारत सरकारने त्यांना गैरवागणूक मिळणार नाही अशी हमी दिली होती. न्यायालयाने त्या हमीच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला नाही, पण पंजाबातील सुरक्षा दलांमधल्या काहींचे वर्तन वरून आवरता येत नाही, असा निष्कर्ष काढला आणि त्यासाठी ज्या साहित्याचा विचार केला त्यात आपल्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अहवाल होते. मराठी वाचकाला हे वाचताना बोचेल, आणि बोचायला हवे. त्या काळात पंजाबने जो दहशतवाद सोसला तो आपण जवळून पाहिला होता, आणि परदेशातून त्याला बळ देणाऱ्यांविषयी आपल्या मनात राग होता तो रास्तच होता. तरीही कोठडीत माणसाला विजेचे झटके देऊन मिळालेल्या कबुलीवर कोणाची सुरक्षा उभी राहत नाही, हे त्याच पंजाबच्या अनुभवाने शिकवले आहे.

निकालाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून काही घडले. गुप्त माहिती गुप्त ठेवूनही माणसाला काही प्रमाणात न्याय्य सुनावणी देता येते, ती ब्रिटनने दिली नाही, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. त्यावर ब्रिटिश संसदेने 1997 मध्ये कायदा करून अशा प्रकरणांसाठी विशेष अपील आयोग स्थापन केला. तिथे सुरक्षा तपासणी झालेले खास वकील नेमले जातात, ते गुप्त पुरावा पाहतात आणि संबंधित माणसाच्या बाजूने त्याची उलटतपासणी करतात. ही व्यवस्था सदोष आहे, कारण गुप्त पुरावा एकदा पाहिल्यानंतर त्या वकिलाला आपल्या अशिलाशी त्याविषयी बोलता येत नाही. तरी ‘आम्ही सांगतो म्हणून तो धोकादायक’ या अवस्थेपेक्षा ती कितीतरी पुढची आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2002 मध्ये, न्यूयॉर्कच्या हल्ल्याला चारच महिने झालेले असताना, ‘एलटीटीई’साठी निधी जमवल्याचा आरोप असलेल्या एका श्रीलंकन तमिळ निर्वासिताच्या प्रकरणात हाच मार्ग धरला. यातनांच्या तोंडी देणारी हद्दपारी सर्वसाधारणपणे घटनाबाह्य ठरेल, अगदी अपवादात्मक परिस्थितीचे दार मात्र आम्ही बंद करीत नाही, असे सांगून त्या न्यायालयाने आग्रह धरला तो प्रक्रियेचा: विरुद्धचे साहित्य दाखवा, उत्तर ऐका, लेखी कारणे द्या.

अशा नियमांमुळे हात बांधले जातात, ही तक्रार खरी आहे. काही वेळा नको असलेला माणूस वर्षानुवर्षे देशात ठेवून घ्यावा लागतो, त्याच्यावर पाळत ठेवण्याचा खर्च होतो, आणि त्यातला एखादा उद्या काही करणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. ही किंमत लपवून या बाजूने बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण हात बांधलेले असतानाही काम होते, हे अबू कतादाच्या प्रकरणात दिसले. या जहाल धर्मोपदेशकाला जॉर्डनला पाठवण्यासाठी ब्रिटनने अनेक वर्षे लढा दिला. 2012 च्या जानेवारीत स्ट्रासबर्गने हद्दपारी अडवली, कारण जॉर्डनमधल्या खटल्यात इतरांचा छळ करून मिळवलेले जबाब वापरले जाण्याची शक्यता होती. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी न्यायालयावर आगपाखड केली. सरकारने मात्र जॉर्डनशी करार करून छळाने मिळवलेल्या पुराव्याचा प्रश्न सोडवला आणि जुलै 2013 मध्ये त्याला विमानात बसवले. पुढच्या वर्षी जॉर्डनच्या न्यायालयाने त्याला पुराव्याअभावी निर्दोष सोडले. त्याच्या विचारांविषयी मला यत्किंचित सहानुभूती नाही. पण छळाने मिळवलेले जबाब बाजूला काढल्यावर खटला उभा राहिला नाही, हे नोंदवून ठेवायला हवे.

आता आपल्याकडे वळू. 8 ऑगस्ट 2017 रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून रोहिंग्यांसह बेकायदा परदेशी नागरिक हुडकून त्यांना परत पाठवण्यास सांगितले. देशात असे सुमारे 40,000 रोहिंग्या असल्याचे सरकारने त्याच सुमारास संसदेत सांगितले होते. त्याच महिन्याच्या 25 तारखेला म्यानमारच्या राखाइन प्रांतात रोहिंग्यांच्या एका सशस्त्र गटाने चौक्यांवर हल्ले केले, त्यावर तिथल्या लष्कराने गावेच्या गावे जाळली आणि सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. सप्टेंबरमध्ये आपल्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की, काही रोहिंग्यांचे दहशतवादी संघटनांशी संबंध असल्याची गुप्तचर माहिती आहे. ती माहिती खरी असू शकते. सरकारकडे असलेली प्रत्येक गुप्त माहिती खोटीच असणार, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. प्रश्न असा आहे की, ‘काही’ जणांविषयीच्या माहितीवरून कारवाई सर्वांवर कशी होऊ शकते? त्या काहींची नावे, कृत्ये, संपर्क यंत्रणांना ठाऊक असतील तर त्यांच्यावर यूएपीएखाली खटले भरायला हवेत. ठाऊक नसतील, तर जम्मूच्या वस्तीत भंगार वेचून पोट भरणाऱ्या कुटुंबाला उचलल्याने तो अज्ञात हस्तक सापडणार नाही. उलट यंत्रणेचे मनुष्यबळ निरुपद्रवी माणसे मोजण्यात खर्ची पडेल आणि ज्याला खरोखर लपायचे आहे तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात, यूएनएचसीआरमध्ये, नाव नोंदवायला जाणारच नाही.

ऑक्टोबर 2018 मध्ये सात रोहिंग्यांना मणिपूरच्या मोरेह नाक्यावरून म्यानमारच्या हवाली करण्यात आले. ते 2012 पासून सिलचरच्या तुरुंगात होते. मार्च 2021 मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक जणांना पकडून हिरानगरच्या कारागृहात ठेवले गेले. त्यांच्या बाजूने आलेल्या अर्जावर 8 एप्रिल 2021 रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने दिलेला आदेश आजही या विषयावरचा प्रमुख संदर्भ आहे. घटनेच्या 14 आणि 21 व्या कलमांचे, म्हणजे समानतेचे आणि जिवाचे, संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, पण हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो 19 व्या कलमाने फक्त नागरिकांना दिला आहे, असे न्यायालयाने म्हटले. विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय हद्दपारी करू नये, असेही सांगितले. या आदेशातला तर्क मला अपुरा वाटतो. इथे राहण्याचा हक्क मागणे वेगळे आणि मारले जाण्याच्या जागी पाठवू नका म्हणणे वेगळे. दुसरी मागणी 21 व्या कलमातल्या जिवाच्या हक्काची आहे आणि ती तिसऱ्या देशात जाऊनही पुरी होऊ शकते. गुजरात उच्च न्यायालयाने 1998 मध्ये दोन इराकींच्या प्रकरणात आणि मणिपूर उच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये म्यानमारमधून पळून आलेल्या पत्रकारांच्या प्रकरणात 21 वे कलम असेच वाचले होते. गुजरातच्या निकालाने तर सुरक्षेला बाधा येत नसेल तर, ही अटही स्पष्टपणे घातली होती.

‘विहित प्रक्रिया’ म्हणजे नेमके काय, हा खरा पेच आहे. 1946 चा परदेशी नागरिक कायदा सरकारला हकालपट्टीचा जवळजवळ अनिर्बंध अधिकार देत होता, आणि 1955 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर प्रकरणात तसे मान्य केले होते. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही आश्रयार्थी नावाची वर्गवारी नाही. प्रत्यक्षात होते ते एवढेच: माणूस कुठला आहे याची पडताळणी संबंधित देशाच्या वकिलातीकडून करायची आणि कागद आले की पाठवून द्यायचे. तो धोकादायक आहे का आणि तिथे त्याचे काय होईल, हे दोन्ही प्रश्न या प्रक्रियेत येत नाहीत. गृहमंत्रालयाने डिसेंबर 2011 मध्ये एक कार्यपद्धती आखली होती, तिच्यात वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांवरून छळाची सकृद्दर्शनी साधार भीती दिसली तर दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची सोय होती आणि सुरक्षा पडताळणीही होती. ती चांगली सुरुवात होती, पण तिच्याविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती आणि ती कायद्याने बांधलेली नव्हती.

याची तुलना महाराष्ट्रातल्या तडीपारीशी करून पाहावी. मुंबईतल्या किंवा नगरच्या एखाद्या गुंडाला दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढायचे असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या 59 व्या कलमानुसार त्याला आधी नोटीस द्यावी लागते, आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवावे लागते, त्याचे म्हणणे आणि त्याचे साक्षीदार ऐकावे लागतात, त्याला वकील देता येतो आणि 60 व्या कलमाखाली राज्य सरकारकडे अपील करता येते. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नसतील तर त्यांचे जबाब गोपनीय ठेवण्याची सोयही याच व्यवस्थेत आहे, आणि तिचा उपयोग आपले पोलीस उपायुक्त आणि प्रांत अधिकारी रोज करतात. जानेवारी 2022 मध्ये जालना जिल्ह्यातला असाच एक तडीपारीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण अधिकाऱ्याने पूर्ण दोन वर्षांची मुदत का लावली याचा विचार केलेला दिसत नव्हता. तडीपार झालेला माणूस फार तर शेजारच्या जिल्ह्यात भाड्याने खोली घेऊन राहतो. त्याच्यासाठी एवढी काळजी घेणारा देश, ज्याला आपण तोफेच्या तोंडी देत असू त्याला एक साधी नोटीसही देत नाही. गोपनीय माहिती आणि सुनावणी एकत्र नांदू शकत नाहीत, हे म्हणणे आपल्याच तालुक्यातालुक्यातली कार्यालये खोडून काढतात.

आणि धोक्याबद्दल बोलायचे तर अजमल कसाबपेक्षा मोठा धोका कोणता होता? त्याला आपण वकील दिला, आर्थर रोड कारागृहात उभारलेल्या विशेष न्यायालयात त्याचा खटला चालवला, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्रपतींपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या पार केल्या आणि मग नोव्हेंबर 2012 मध्ये येरवड्यात त्याला फाशी दिली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती सुटका कायम राहिली. मुंबईचे मन त्या वेळी किती पेटलेले होते हे मुंबईकरांना सांगायला नको. तरी न्यायाधीशांना एकाच पिंजऱ्यातल्या तिघांत भेद करता आला, कारण त्यांच्यासमोर तीन माणसांचे तीन वेगळे पुरावे होते.

सुनावणी वगळली की काय होते, हे जून 2025 मध्ये मीरा रोडवर दिसले. मुर्शिदाबादचा एक गवंडी तिथे कामाला होता. पोलिसांनी त्याला बांगलादेशी समजून उचलले, सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात दिले आणि तो सीमेपलीकडे ढकलला गेला. पश्चिम बंगाल सरकारने कागदपत्रे दाखवून धावपळ केली, तेव्हा काही दिवसांत तो परत आला. असे तो एकटाच नव्हता. दिल्लीतून अशाच रीतीने पाठवल्या गेलेल्या एका गर्भवती स्त्रीला परत आणण्यासाठी कलकत्ता उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. हे भारताचे नागरिक होते, त्यांच्यामागे एक राज्य सरकार उभे राहू शकले. ज्यांना 1982 च्या कायद्याने म्यानमारने नागरिकच मानलेले नाही त्या रोहिंग्यांच्या बाबतीत अशी चूक झाली तर ती उघडकीला आणणारे कोणी नाही. 2025 च्या मे महिन्यात काही रोहिंग्यांना जहाजातून नेऊन म्यानमारच्या किनाऱ्याजवळ पाण्यात उतरवले गेले, असा आरोप झाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी चौकशी सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या कथनावर अविश्वास दाखवला. तो आरोप खरा की खोटा, यावर मी निकाल देणार नाही. पण प्रत्येक हद्दपारीमागे नाव, आदेश, कारणे आणि तारीख असलेला एक कागद असता, तर त्याचा निकाल एका दिवसात लागला असता आणि आरोप खोटा असल्यास त्याचा सर्वांत मोठा फायदा सरकारलाच झाला असता.

गुप्त पुराव्याचा मार्ग आपल्या न्यायालयाने स्वतःच दाखवलेला आहे. 5 एप्रिल 2023 रोजी सुरक्षेचे कारण देऊन परवाना नाकारलेल्या ‘मीडिया वन’ या मल्याळम वाहिनीच्या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून करता येणार नाही, असे सुनावले आणि पुरावा बंद लिफाफ्यात फक्त न्यायालयाला देण्याऐवजी कमी हानिकारक पर्याय सुचवले. त्यात माहितीतला नाजूक भाग झाकून बाकीचा देणे आणि न्यायालयाला साहाय्य करणारा वकील, म्हणजे न्यायमित्र, नेमून त्याला तो भाग दाखवणे हे होते. ज्या तत्त्वामुळे एका वाहिनीला परवाना परत मिळाला ते तत्त्व माणसाच्या जिवाला लागू करू नये, याचे एकही कारण मला सापडत नाही.

यात आपला रोकडा स्वार्थही आहे. विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाच्या वेळी लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोडच्या बारा क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागवले, खिडक्या आणि उजेड पाहिला, आणि मग प्रत्यार्पणाला अनुकूल निर्णय दिला. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात 1995 मध्ये विमानातून शस्त्रे खाली टाकल्याच्या प्रकरणात हवा असलेला डॅनिश नागरिक किम डेव्ही मात्र डेन्मार्कने 2011 मध्ये छळाच्या शक्यतेवर बोट ठेवून दिला नाही. शस्त्रास्त्र दलाल संजय भंडारी यांचे प्रत्यार्पण फेब्रुवारी 2025 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तिहारमधल्या परिस्थितीमुळे नाकारले. आपल्याला हवे असलेले आरोपी परत मिळवायचे असतील तर यातनाविरोधी कराराला मान्यता देणे आणि देशात यातनाप्रतिबंधक कायदा करणे याला पर्याय नाही. असे विधेयक 2010 मध्ये लोकसभेने मंजूरही केले होते, ते राज्यसभेत अडले आणि 2014 मध्ये बारगळले. आपण ज्या कसोटीवर इतरांकडून माणसे मागतो, त्याच कसोटीवर माणसे देण्याची तयारी ठेवावी लागते.

असा कायदा करायचा तर आराखडे हाताशी आहेत. निवृत्त सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील गटाने 1997 मध्ये नमुना कायदा तयार केला होता, शशी थरूर यांनी 2015 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये खासगी विधेयके मांडली. माझ्या मते त्यात तीन गोष्टी पक्क्या असाव्यात. अर्ज ठराविक महिन्यांत निकाली निघाला पाहिजे, कारण रेंगाळलेली प्रक्रिया सरकारचा आणि आश्रयार्थीचा सारखाच घात करते. सुरक्षेचा आक्षेप असेल तर तो त्या व्यक्तीविरुद्ध, लेखी, न्यायिक अधिकारी असलेल्या स्वतंत्र मंडळापुढे मांडला पाहिजे. आणि धोका सिद्ध झाला पण परत पाठवणे म्हणजे यातना किंवा मृत्यू असेल, तर खटला, तिसरा देश किंवा मुदतीची, वेळोवेळी तपासली जाणारी स्थानबद्धता हेच पर्याय राहिले पाहिजेत. दहा-दहा वर्षे स्थानबद्धता केंद्रात कुजत ठेवणे हा पर्याय नव्हे. सुनावणीत ज्याचा दावा खोटा ठरेल आणि ज्याला परत जाण्यात धोका नसेल, त्याला मात्र विनाविलंब परत पाठवावे. तिथे हयगय झाली की लोकांचा सगळ्याच व्यवस्थेवरचा विश्वास उडतो, हे जर्मनीने अनुभवले आहे.

एवढे लोक, एवढ्या सुनावण्या कशा परवडणार, असा आक्षेप येईल. तिबेटी, श्रीलंकन तमिळ, अफगाण अशा निरनिराळ्या गटांना आपण दशकानुदशके सामावून घेतले. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या कायद्याखाली काढलेल्या सवलतीच्या आदेशातही तिबेटी, 9 जानेवारी 2015 पूर्वी आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ आणि तीन शेजारी देशांतले काही अल्पसंख्याक यांना सूट दिली आहे. म्हणजे कोण छळामुळे आला आणि कोण नाही, याचा विचार सरकार करतेच, फक्त तो गटागटाने, अधिसूचनेने आणि कारणे न देता करते. तोच विचार माणसामाणसाने करायला वेगळा खजिना लागत नाही. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारी कार्यालये आहेत, यूएनएचसीआरने केलेल्या नोंदी आहेत, जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे निवृत्त अधिकारी आहेत. नव्या कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. संसदेत स्वतंत्र कायदा होईपर्यंत निदान नोटीस, सुनावणी, लेखी कारणे आणि एक अपील एवढे त्या नियमांत आजही घालता येईल. रोहिंग्या निर्वासित आहेत की घुसखोर, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 31 जुलै 2025 रोजी आपल्यापुढच्या मुद्द्यांत नोंदवला आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात, साऱ्यांना मिळून देता येणार नाही. न्यायालयाने ते एकेका अर्जावर ठरवण्याची व्यवस्था उभी करायला सरकारला सांगावे, आणि ती उभी राहीपर्यंत म्यानमारच्या दिशेने कोणालाही पाठवू नये.